ब्रेक, हब आणि आमची घासाघीस

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. आमचे धाकटे चिरंजीव नागपूरहून एक जुनी मोटार घेऊन आले. स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया आर.एस., पेट्रोलवर चालणारी, टर्बो इंजिनाची, दीडशे अश्वशक्तीची. २००४ च्या सुमारास ही गाडी आपल्या देशात आली तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात ती बाळगणारे बोटावर मोजण्याइतके असतील. औरंगाबादजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, म्हणजे आता ज्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तिथे, ऑक्टेव्हिया जोडली जाई. तेव्हा ती श्रीमंतांची गाडी होती. आज तीच गाडी एका चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीत थोडी भर घातली की मिळते, आणि म्हणूनच आमच्या बिरादरीतील पंचवीस-तीस वर्षांची मुले पुसद, दिग्रस, वणी, उमरखेड अशा सगळ्या गावांत असल्या जुन्या वेगवान गाड्या आणताना दिसतात.

कापडाच्या व्यापाऱ्याने व्यापाराच्या पानावर मोटारीच्या ब्रेकबद्दल का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर सरळ आहे. यात आमच्या मुलांचे जीव आहेत, आमच्याच मिस्त्री बांधवांची रोजी आहे, आणि आम्ही व्यापाऱ्यांनी गेली कित्येक वर्षे त्या रोजीवर जी कात्री चालवली तिचाही हिशेब आहे.

चिरंजीवांना गाडी आल्या दिवसापासून दोन गोष्टी हव्या होत्या, मोठी चाके आणि मोठे ब्रेक. चाकांचा हट्ट दिखाव्याचा होता. ब्रेकचा मात्र खरा होता, हे आम्हाला उशिरा कळले. कळंबकडून यवतमाळला संध्याकाळी येत असताना रस्त्यावर रोही आडवा आला. मुलाने ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे पायाखाली पेडल स्पंजासारखे लागले आणि स्टिअरिंग हातात थरथरले. मागच्या सीटवर आमचे कापडाचे दोन गठ्ठे होते, ते पुढे आदळले. आम्ही त्या दिवशी गाडीत नव्हतो. असतो तर हा लेख कदाचित लवकर लिहिला असता.

आमच्या तरुणपणी जिनिंगवाल्या सेठांकडे अ‍ॅम्बॅसडर असे, वकील-डॉक्टरांकडे फियाट. त्या फियाटला चारही चाकांत ड्रम ब्रेक. नागपूरला जायचे तर एकपदरी रस्ता, समोरून ट्रक आला की एक चाक खाली मुरमात. साठाच्या वर कोण जाई? ड्रम तापला, ब्रेक ढिला पडला, की ड्रायव्हर दोनदा पंप करी आणि गाडी थांबे. आज नागपूर-हैदराबाद मार्ग वडकी, करंजी, पांढरकवड्यावरून चौपदरी गेला आहे. नागपूर-तुळजापूर मार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव असा चौपदरी झाला आहे. धामणगावला गेले की समृद्धी महामार्ग, तिथे मोटारीला ताशी १२० ची परवानगी. रस्ते बदलले, पण रस्त्यावर जे येते ते बदललेले नाही. रोही आहे, रानडुक्कर आहे, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर आहे, आणि हंगामात अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीनही आहे.

वेग वाढला की थांबवण्याचे काम किती वाढते, हे व्यापाऱ्याला आकड्यांत सांगितले की पटते. वेग दीडपट झाला तर काम दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. ताशी ८० ने चालणारी गाडी थांबवायला जे लागते त्याच्या सव्वादोनपट १२० ने चालणारीला लागते. तेराशे किलोची मोटार ताशी १०० वरून थांबवली की सुमारे पाच लाख ज्यूल इतकी शक्ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर थंड पाणी उकळीला येईल. म्हणजे प्रत्येक जोरदार ब्रेकला चाकांच्या आत चहाची एक किटली उकळते. यातला मोठा हिस्सा, साधारण दोनतृतीयांशाहून अधिक, पुढच्या दोन डिस्क घेतात, कारण ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते. आमच्या अंदाजाने प्रत्येक वेळी पुढची डिस्क पन्नास-साठ अंशांनी तापते. एकदा थांबलात तर काही नाही. पुसदहून वाशिमकडे जाताना घाटात पुन्हा पुन्हा दाबत राहिलात, तर हिशेब तुम्हीच करा.

ड्रमच्या जागी डिस्क आली ती याच कारणाने. डिस्क उघड्यावर फिरते, तिला वारा लागतो. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते, पण जगाला ते पटायला पन्नास वर्षे लागली. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार गाड्या जिंकल्या, तेव्हा कुठे कारखानदारांचे डोळे उघडले. जग जिंकायला इंजिनाइतकाच ब्रेक लागतो, हे त्या शर्यतीत दिसले. आमच्या पोरांना मात्र अजून बॉनेटच्या खालचेच दिसते.

आता आमच्या गाडीकडे येतो. एका मोठ्या शहरातील एका दुकानदाराने चिरंजीवांना चार पिस्टनच्या कॅलिपरचा लाल रंगाचा संच विकला. त्यावर ना कारखान्याचे नाव, ना भागाचा क्रमांक. सोबत पुढच्या पिढीच्या गाडीची सतरा इंची चाके, आणि ती बसावीत म्हणून मध्ये लावायच्या दोन अंगुळे जाड चकत्या. हे सगळे तिथल्याच एका गॅरेजात बसवले. पंधरा दिवसांत पुढच्या उजव्या चाकातून घूं असा आवाज सुरू झाला. वेगाबरोबर तो वाढे आणि वळणावर बदले. आम्ही रेडिओ वाढवून तो दाबायचा प्रयत्न केला, हे कबूल करतो.

शेवटी गाडी आमच्या मोहल्ल्यातील मिस्त्री चाचांकडे गेली. चाचांनी आयुष्यभर जीप, मॅटाडोर, ट्रक दुरुस्त केले. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी चाक वर उचलले, हाताने फिरवले, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला आणि म्हणाले, "सेठ, बेअरिंग गेले. कोणीतरी हातोड्याने ठोकून बसवले आहे." आम्ही विचारले, न उघडता कसे कळले? ते हसले आणि आमच्याच दुकानातील उदाहरण दिले. "तुम्ही कापड चिमटीत धरून सांगता ना, पॉलिस्टर किती आणि सूत किती? तसेच."

उघडल्यावर त्यांचे शब्द खरे ठरले. या गाडीत पुढचे बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेले असते. नकल म्हणजे चाकामागचा तो लोखंडी ढाचा, ज्याला सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक जोडलेले असतात. बेअरिंगमध्ये मग हब दाबून बसतो, आणि हबवर डिस्क व चाक. हे दाबण्याचे काम हायड्रॉलिक प्रेसवर, सरळ रेषेत, योग्य कडीवर जोर देऊन करायचे असते. बाहेरची कडी नकलमध्ये बसवताना बाहेरच्याच कडीवर जोर, हब बसवताना आतल्या कडीला खालून आधार. हातोड्याने ठोकले की आतल्या गोळ्या कडीवर आपटतात आणि तिथे डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. गाडी गॅरेजबाहेर पडते तेव्हा सगळे शांत असते. हजारभर किलोमीटरनंतर घुंगुरू वाजू लागतात. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

चकत्यांचे पाप वेगळे. पहिल्या पिढीच्या ऑक्टेव्हियाच्या हबवर पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळात बसतात. नंतरच्या पिढीच्या, म्हणजे आपल्याकडे लॉरा नावाने आलेल्या गाडीचे वर्तुळ ११२ मिलिमीटरचे. मधले भोक दोन्हींचे ५७.१, म्हणून चाक हबवर टेकते आणि पोराला वाटते बसले. बोल्ट जुळत नाहीत म्हणून चकती घालतात. चकतीने चाक बाहेर सरकते, चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरची पिळवट वाढते. बादली हात जवळ धरून उचला आणि मग हात लांब करून उचला, तोच फरक. आधीच ठोकून बसवलेल्या बेअरिंगवर हा बोजा पडला.

आणि तो लाल कॅलिपर? ब्रेकचे पेडल दाबले की वरचा मास्टर सिलिंडर ठराविक माप तेल खाली ढकलतो. खाली पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ मूळपेक्षा फार मोठे केले तर तेवढेच तेल पुरत नाही, पेडल खोल जाते. फार लहान केले तर पेडल दगडासारखे होते. शिवाय पुढच्या आणि मागच्या ब्रेकची वाटणी कारखान्याने ठरवलेली असते, ती बिघडते. आमच्या गाडीत पेडल आधीच तेल जुने म्हणून मऊ होते, आता ते आणखी खोल गेले. म्हणजे पैसे देऊन आम्ही ब्रेक कमजोर करून घेतला. कॅलिपरचा लाल रंग मात्र झकास होता.

मग करायचे काय? ब्रेक वाढवूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. काही मंडळी जुमा झाल्यावर मशिदीबाहेर उभी राहून म्हणतात की कंपनीने जे दिले त्याला हात लावू नये. हेही आम्हाला पूर्ण पटत नाही. युरोपात याच आर.एस. नावाची गाडी १८० अश्वशक्तीची होती आणि तिला पुढे ३१२ मिलिमीटरच्या डिस्क कारखान्यातूनच येत. म्हणजे त्याच घराण्यातील मोठ्या भावाचा ब्रेक धाकट्या भावाला बसवता येतो, आणि तो कारखान्याने तपासलेला असतो. वाढवायचे तर असे वाढवावे.

इथे एक बारकावा आहे, तो मिस्त्री बांधवांनी नीट वाचावा, कारण यात गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतात किंवा बुडतात. या घराण्याच्या गाड्यांत पुढची डिस्क काहींना २८० मिलिमीटरची आली, काहींना २८८ ची. फरक आठ मिलिमीटरचा, पण बनावट निराळी. २८० वाल्यांत कॅलिपर थेट नकलवर बसतो, मधला ब्रॅकेट वेगळा नसतो. २८८ आणि ३१२ वाल्यांत कॅलिपर वेगळ्या ब्रॅकेटवर बसतो आणि तो ब्रॅकेट दोन बोल्टांनी नकलला जोडलेला असतो. म्हणून २८८ वरून ३१२ वर जायचे तर डिस्क, ब्रॅकेट आणि नवे पॅड पुरतात. कॅलिपर तोच, ५४ मिलिमीटर पिस्टनचा, त्यामुळे पेडलचा हिशेबही तोच राहतो. पण २८० वरून जायचे तर कॅलिपरही बदलावे लागतात आणि नकलही. नकल काढली की हब आणि बेअरिंग सुटे होतात, आणि एकदा ओढून काढलेले बेअरिंग परत वापरता येत नाही. धुऱ्याच्या टोकाचा मोठा नटही नवाच लावायचा. आणि सगळे जोडल्यावर चाकांचे अलाइनमेंट करायचे. हे न मोजता मुंबईच्या कुर्ल्याहून किंवा दिल्लीच्या मायापुरीहून डिस्क मागवली की ती भिंतीवर टांगायच्या कामाची.

आमची गाडी मोजली तेव्हा २८० निघाली. चाचांनी वहीवर आकडे मांडले. नकल दोन, बेअरिंग दोन, कॅलिपर, ब्रॅकेट, डिस्क, पॅड. आम्ही हिशेब पाहून गप्प झालो. चाचा म्हणाले, "सेठ, एवढे करायचेच असे नाही. आधी जे आहे ते मूळचे करू."

हाच या लेखाचा गाभा समजा. मोठी डिस्क गाडी पहिल्याच ब्रेकला लवकर थांबवते, हा गैरसमज आहे. थंड ब्रेकवर, चांगल्या अवस्थेत, मूळची डिस्कसुद्धा चाक लॉक होईपर्यंत दाबू शकते, तिथून पुढे एबीएस काम करते आणि गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतो. मोठी डिस्क देते ती उष्णता सोसण्याची ताकद आणि पायाला थोडा जास्त जोर. २८८ वरून ३१२ ला तो जोर दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. घाटात, किंवा समृद्धीवर पुन्हा पुन्हा वेग कमी करताना, याचा उपयोग आहे. कळंबच्या रस्त्यावर रोही आडवा आला तेव्हा उपयोग टायरचा आणि ब्रेकच्या तेलाचा होता.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आमच्या गाडीच्या टायरांना नऊ वर्षे झाली होती. नक्षी शाबूत, रबर लाकूड. विकणाऱ्याने काळे पॉलिश मारून दिले होते. तेलाचे तसेच. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाचे नवे तेल किमान २३० अंशांना उकळते, पाणी शोषलेले तेल १५५ अंशांना उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, तेल दाबले जात नाही. पेडल स्पंज होते ते यामुळे. यावर उपाय दर दोन वर्षांनी तेल बदलणे. पाचशे-हजाराचे काम. आमच्या ओळखीच्या किती लोकांनी ते कधी केले आहे? आम्ही चौकशी केली. इंजिन ऑइल सगळे बदलतात, ब्रेकचे तेल "कमी झाले की टाकतो" असे म्हणतात.

म्हणून चाचांनी सांगितलेला क्रम आम्ही मान्य केला. आधी टायर. मग तेल आणि रबरी होज. मग चांगले पॅड आणि मूळ मापाची नवी डिस्क. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्या खाली गेलेली डिस्क लेथवर घासून परत लावणे म्हणजे फाटक्या कापडाला कांजी करून विकणे. मग बेअरिंग. चकत्या काढून टाकल्या, चाके मूळची आणली. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळले, पाइप लावून उड्या मारून नव्हे. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसवर अशा पंधरा-वीस वेळा हलक्या हाताने वेग उतरवून ते डिस्कशी बसवले. चिरंजीव रुसले होते. आर्णीपर्यंत जाऊन परत आल्यावर त्यांचा रुसवा गेला. मोठ्या डिस्कचा विषय त्यांनी सोडलेला नाही, पैसे स्वतः जमवीन म्हणाले. जमवावेत. तोपर्यंत २८८ वाली नकल शोधून ठेवण्याचे चाचांनी कबूल केले आहे.

आता रोजीच्या प्रश्नाकडे. प्रेस आमच्या चाचांकडेही नाही. बेअरिंग बसवायला त्यांनी नकल रिक्षात घालून दुसऱ्या भागातल्या वर्कशॉपमध्ये नेली, अर्धा दिवस गेला. यवतमाळ काय, जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत किती आपल्या मिस्त्र्यांकडे प्रेस आणि टॉर्क पाना आहे? फार थोड्यांकडे. मग हातोडा उचलला जातो. आम्ही त्या अज्ञात गॅरेजवाल्याला शिव्या दिल्या खऱ्या, पण नंतर स्वतःला विचारले, त्याला आमच्या मुलाने मजुरी किती दिली होती? घासाघीस करून निम्मी. प्रेसच्या मजुरीतून प्रेस येते, हातोड्याच्या मजुरीतून हातोडाच राहतो. आम्ही व्यापारी लोक गिऱ्हाइकाने मीटरमागे पाच रुपये कमी मागितले तर "घरात पडत नाही" म्हणतो, आणि मिस्त्र्याकडे गेल्यावर तेच गिऱ्हाईक आम्ही होतो.

सरकारकडे पाहावे तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा हुन्नर आहेत. शिंपी आहे, लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. मोटार मिस्त्री नाही. ज्या हुन्नरात आमची इतकी मुले आहेत तोच यादीत नाही, याबद्दल आमच्या पुढाऱ्यांनी कधी निवेदन दिल्याचे आमच्या वाचनात नाही. कर्ज मिळते, पण त्यावर व्याज आहे, आणि अनेक मिस्त्री त्यापासून दूर राहू इच्छितात. ती त्यांची श्रद्धा, तिचा आदर आहे. पण मग बिनव्याजी सोय करणे कुणाचे काम? ज्यांच्या दुकानांवर शटर आणि काउंटर आहेत त्यांचे.

मिस्त्री बांधवांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. बिल द्या. आजवर मोटारीच्या सुट्या भागांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी होता, म्हणून गिऱ्हाईक म्हणे बिल नको, दुकानदार म्हणे बरे झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर तो अठरा टक्के झाला आहे. बिलाचा माल आणि बिनबिलाचा माल यांतले अंतर कमी झाले. बिलावर भागाचा क्रमांक लिहिला की नकली मालाला वाट उरत नाही, आणि उद्या काही बिघडले तर तुमची मान मोकळी राहते. मदिनेच्या बाजारात पैगंबर साहेबांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसेल असे, हा त्यांचा सवाल होता. नव्या रंगाच्या डब्यात जुना पॅड घालून देणाऱ्याने हा ढीग आठवावा. ब्रेकमध्ये आतले ओले निघाले तर नुकसान पायलीभर धान्याचे होत नाही.

दुसरे, ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरांत आणि स्वस्त मालात अ‍ॅस्बेस्टॉस असते, ते फुफ्फुसात बसते आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब मागते. ओल्या फडक्याने पुसा. जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या मजुरांचा खोकला ज्यांनी ऐकला आहे त्यांना धुळीबद्दल जास्त सांगायला नको.

जुनी गाडी ठेवणाऱ्या तरुणांनी कायद्याकडेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. कारखान्याने त्याच घराण्याला दिलेला ब्रेक आणि बाजारातला बेनामी संच यांत फरक आहे, तरी बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर विमावाल्याने प्रथम चकतीच पाहिली तर रडून उपयोग नाही. आणखी एक खर्च लक्षात असू द्या. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये केली आहे. पंधरा वर्षांवरील गाडीला ती पाच हजार आहे, आणि २०२२ पूर्वी सहाशेच होती. त्यात गाडी तपासणीतून पास व्हावी लागते. स्वस्तात घेतलेली गाडी स्वस्तात राहत नाही. हे घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाने गाडी आणण्यापूर्वी विचारावे. आम्ही विचारले नाही.

आम्ही बाजारातील पाच कापड व्यापारी, एक किराणावाले आणि एक चप्पलवाले यांच्याशी बोललो आहोत. प्रत्येकाने थोडी रक्कम बिनव्याजी टाकायची, त्यातून एक वीस टनी हायड्रॉलिक प्रेस आणि दोन टॉर्क पाने घ्यायचे, जो मिस्त्री वापरेल त्याने प्रत्येक कामामागे ठरलेले पैसे पेटीत टाकायचे, रक्कम फिटली की यंत्र मिस्त्र्यांच्या मालकीचे. एका बऱ्या लग्नाच्या मंडपाला याहून जास्त लागते. दोघे मिस्त्री लगेच हो म्हणाले. एकाने विचारले, पेटीची किल्ली कोणाकडे? प्रश्न रास्त आहे. येत्या जुम्याला असरनंतर आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सगळे बसणार आहोत. प्रेस कोणत्या गॅरेजात ठेवायचे यावर अजून एकमत नाही. चाचांचे म्हणणे, त्यांच्याकडे नको, त्यांचे छप्पर गळते.